मारणाऱ्याची वंशावळ, मरणाऱ्याचं नाव



ही व्याख्यानमाला एका शाळामास्तरांच्या स्मरणार्थ चालते. हजेरी घेताना ते नुसतं आडनाव कधी पुकारत नसत. मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, असं सगळं म्हणत, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. म्हणून आजचा विषय त्यांना आवडला असता असं वाटतं, जरी तो थोडा भीषण असला तरी. ज्याचा खून झाला तो माणूस नेमका कोण होता, हे दीड-दोनशे वर्षांनंतर वंशावळीच्या आधाराने शोधता येतं का? येत असेल तर कुठपर्यंत?

वंशावळ म्हणजे काय, हे परभणीत कुणाला समजावून सांगायची आता गरज नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसिलीच्या रेकॉर्ड रूममधले रुमाल सुटले, खासरा पत्रकं बाहेर आली, कोतवाल बुकांची पानं उलटली गेली, मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. आजोबाच्या पुढे ज्यांना नाव ठाऊक नव्हतं, त्यांनीही खापरपणजोबापर्यंत मजल मारली. त्याआधी वंशावळ लागायची ती वारस लावताना, तलाठ्याने फेर ओढताना, नाहीतर भावकीत बांधावरून कज्जा उभा राहिला की. थोडक्यात, वंशावळ आपण काढतो ती काहीतरी पदरात पाडून घ्यायचं असतं म्हणून. जमीन, दाखला, हक्क. त्यात गैर काहीच नाही. पण जो मारला गेला आणि ज्याच्या वतीने मागणारं कुणीच उरलं नाही, त्याची वंशावळ कोण काढणार?

या जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. १९७२ ते १९७४ या काळात मानवतला जे हत्याकांड झालं, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. तपास करणारे अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी आपल्या आठवणींत त्याची हकीकत सांगितली. २०२४ मध्ये त्यावर वेब मालिका आली. इथल्या कुठल्याही पारावर विचारा. आरोप कुणावर होता, गुप्तधन कसलं, मुंजा कुठला, सगळं तोंडपाठ सांगतील. आता ज्या बाया आणि पोरी जिवानिशी गेल्या त्यांची नावं विचारा. सांगणारा तिथेच अडखळतो. त्यांचे आप्त आपल्यातच असतील, म्हणून ती नावं मी या व्यासपीठावरून घेणार नाही. पण मुद्दा ध्यानात आला असेल.

हिंगोलीचा ओढा

१ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा होईपर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. इंग्रजी अमदानीत तिथे निजामाच्या कंटिन्जंट फौजेची छावणी होती. १८३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक व्यापारी नांदत होता. गावात पत होती, गोऱ्या साहेबांशी देणंघेणं होतं. त्या साहेबांपैकी एक होता फिलिप मेडोज टेलर, निजामाच्या चाकरीतला अधिकारी.

या हरिसिंगाने एकदा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे अर्ज केला की मुंबईहून कापड आणायचं आहे, परवाना मिळावा. परवाना मिळाला. मुंबईहून कापड खरोखरच निघालं होतं, फक्त ते हरिसिंगाचं नव्हतं. हिंगोलीपासून फार लांब नसलेल्या एका गावचा व्यापारी स्वतःचा माल घेऊन परत येत होता. हरिसिंगाने त्याला वाटेत गाठून मारलं. त्याच्या नोकरांना मारलं. बैल हाकणाऱ्यांनाही सोडलं नाही. मग तोच माल परवाना दाखवून हिंगोलीत आणला आणि छावणीत राजरोस विकला. कुणाला संशयही आला नाही. पुढे ठगांचा म्होरक्या म्हणून पकडला गेला तेव्हा त्यानेच हे कबूल केलं, आणि तेही एखादी गंमत सांगावी तसं.

माफीच्या साक्षीदारांनी मग जागा दाखवायला सुरुवात केली. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात माणसं मारली गेली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली होती. शेजारच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक कोरडा ओढा होता, रुंदीने आणि खोलीने चरापेक्षा मोठा नाही. तिथे एकेका खड्ड्यातून कित्येक प्रेतं निघाली. टेलर स्वतः तिथे उभा होता. साक्षीदार शांतपणे पुढची जागा दाखवत, तिथे उकरलं जाई, पुन्हा तेच. अखेर बघणाऱ्यांनाच शिसारी आली आणि त्यांनी शोध सोडून दिला.

टेलरने ही हकीकत ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत सांगितली. कादंबरी १८३९ मध्ये आली, राणी व्हिक्टोरिया गादीवर येऊन दोन वर्षं झाली होती. ती इतकी गाजली की खुद्द राणीने छापखान्यातून पानं निघतील तशी मागवून वाचली, असं सांगतात. कादंबरीचा नायक अर्थातच ठग.

आता या हकीकतीतली नावं मोजा. हरिसिंग आहे, रेनॉल्ड्स आहे, टेलर तर साहित्याच्या इतिहासात जाऊन बसला. कापडवाल्याचं नाव नाही. त्याच्या गावाचंही नाव नाही. बैल हाकणारे किती होते तेही नाही. हिंगोलीपासून फार लांब नसलेलं गाव म्हणजे कोणतं? वसमत? जिंतूर? औंढा? की आपली परभणीच? आज या सभागृहात बसलेल्या एखाद्या व्यापारी घराण्याचा तो पूर्वज असू शकतो. उकरणाऱ्यांनी त्या दिवशी शोध सोडला, तो तिथेच थांबला.

वंशावळ मिळाली ती कुणाला

त्या काळी वंशावळी काढण्याचं काम जोरात चालू होतं, ही यातली खरी मेख आहे. ठगांच्या बंदोबस्ताचा सूत्रधार विल्यम स्लीमन याने १८३६ मध्ये कलकत्त्याहून ‘रामासियाना’ नावाचा ग्रंथ काढला. ठगांची सांकेतिक बोली त्यात आहे, जबान्या आहेत. त्याने ठगांच्या घराण्यांच्या वंशावळीही तयार केल्या. कोण कुणाचा मुलगा, कोण दत्तक, कोण कुणाचा मेहुणा. कारण उघड होतं. एका साक्षीदाराची जबानी दुसऱ्याच्या जबानीशी ताडून पाहायची, फरारी माणूस नाव बदलून कुठे लपला असेल ते ओळखायचं, तर नातेसंबंध ठाऊक हवेत. त्याच वर्षी कायदा झाला की ठगांच्या टोळीत होता एवढं शाबीत झालं तरी जन्मठेप. खून कुणाचा केला हे सिद्ध करण्याची निकड त्यामुळे आणखीच कमी झाली.

मेलेल्यांचं काय झालं? ते आकडे झाले. ठगांच्या तोंडी आणि मग सरकारी कागदांत काही प्रकरणं मेलेल्यांच्या संख्येवरूनच ओळखली जाऊ लागली. एक साठ जिवांचं, एक चाळीस जिवांचं. फार तर अमुक इतके शिपाई, एक मुनशी, दोन सावकार, एवढा तपशील.

इथे एक सावधगिरी हवी. किम वॅगनरसारख्या इतिहासकारांनी दाखवून दिलं आहे की या जबान्या जशाच्या तशा खऱ्या धरता येत नाहीत. माफीचा साक्षीदार स्वतःचा जीव वाचवायला बोलत असतो आणि ऐकणाऱ्याला काय ऐकायचं आहे हे त्याला पुरेपूर कळतं. ठगांबद्दलच्या कित्येक अचाट आकड्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. पण ओढ्यातून निघालेली प्रेतं ही काही जबानी नव्हती.

ठगांच्या वंशावळीचा पुढचा प्रवास तुम्हाला ठाऊक आहे. गुन्हा रक्तातून उतरतो ही समजूत सरकारदरबारी घट्ट झाली. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि मूल जन्मताच संशयित ठरू लागलं. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या, तरी आपल्या भागातल्या पारध्यांना त्या शिक्क्याची झळ आजही सोसावी लागते. एका बाजूला निरपराध पोराच्या गळ्यात पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ अडकवली गेली, आणि दुसऱ्या बाजूला मारल्या गेलेल्या माणसाला बापाचं नावसुद्धा मिळालं नाही. वंशावळ हे हत्यार आहे. ते कुणासाठी उचललं जातं यावर सगळं अवलंबून असतं.

लंडनमधल्या पाच बायका

हे हत्यार मरणाऱ्यासाठी उचललं तर काय होतं, हे पाहायला लंडनला जावं लागतं. १८८८ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात व्हाइटचॅपल भागात पाच बायकांचे खून झाले. खुनी कधीच सापडला नाही, पण ‘जॅक द रिपर’ हे त्याचं टोपणनाव जगभर झालं. तो कोण असेल यावर शेकडो पुस्तकं निघाली. बायकांना मात्र वेश्या या एका शब्दात गुंडाळून ठेवलं गेलं. २०१९ मध्ये हॅली रुबेनहोल्ड या इतिहासकार बाईंनी ‘द फाइव्ह’ हे पुस्तक लिहिलं. त्यात खुनाचं वर्णन नाही आणि खुन्याचा शोधही नाही. आहेत ती पाच जणींची आयुष्यं.

इंग्लंडमध्ये हे शक्य झालं त्याला कारण आहे. व्हिक्टोरिया २० जून १८३७ रोजी राणी झाली आणि ११ दिवसांनी, १ जुलैपासून, तिथे जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. १८४१ पासून जनगणनेत घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहिलं जाऊ लागलं आणि ते तक्ते जपूनही ठेवले गेले. त्यात चर्चची रजिस्टरं, अनाथाश्रमांची आणि गरीबखान्यांची दप्तरं. अगदी फाटक्या माणसाचंही नाव आयुष्यात पाच-दहा वेळा कुठेतरी लिहिलं जाई.

पहिली बाई मेली तेव्हा जवळ ओळखीचं काही नव्हतं. पण तिच्या परकरावर लॅम्बेथ गरीबखान्याचा शिक्का होता. त्यावरून तिथली एक ओळखीची बाई आली, मग नवरा आला आणि ती मेरी ॲन निकोल्स ठरली. चौथी, कॅथरीन एडोज. खुनाला तासभरही उरला नव्हता तेव्हा ती बिशप्सगेट पोलीस ठाण्यात होती. दारू पिऊन रस्त्यात पडली म्हणून आणलेली. सुटताना तिने नाव सांगितलं मेरी ॲन केली, साफ खोटं. तिच्याजवळ मोहरीच्या रिकाम्या डब्यात गहाणाच्या दोन पावत्या सापडल्या, त्यांवर आणखी दोन वेगळी नावं. पावत्यांची बातमी वाचून तिच्याबरोबर राहणारा माणूस ठाण्यात आला. शेवटी बहिणीने ओळखलं. तिच्या हातावर निळ्या शाईत दोन अक्षरं गोंदलेली होती, टी आणि सी. थॉमस कॉन्वे हा तिच्या मुलांचा बाप. आपल्याकडे आजीच्या हातावर गोंदलेलं नाव पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. कागदावरची सगळी नावं फिरली, कातडीवरचं राहिलं.

सगळ्यांत बोलकी गोष्ट तिसरीची. प्रेत पाहायला मेरी माल्कम नावाची एक बाई आली आणि शपथेवर म्हणाली, ही माझी बहीण एलिझाबेथ वॉट्स. पायावरची खूणही सांगितली. रात्री आपल्याला तिच्या मरणाची चाहूल लागली होती, तिने मुका घेतल्याचं जाणवलं, असंही सांगितलं. चौकशी चालू असतानाच ती बहीण जिवंत, संतापलेली, कोरोनरसमोर येऊन उभी राहिली. मग मृत बाई कोण? लंडनमधल्या स्वीडिश चर्चच्या कारकुनाने आपलं रजिस्टर उघडलं. एलिझाबेथ गुस्ताफ्सदोत्तर, जन्म २७ नोव्हेंबर १८४३, टोर्सलांडा, स्वीडन. नवऱ्याचं आडनाव स्ट्राइड. नवऱ्याचा पुतण्या पोलीस शिपाई होता, त्यानेही फोटोवरून काकूला ओळखलं. ही बाई सांगत आली होती की १८७८ मध्ये थेम्स नदीत ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही बोट बुडाली तेव्हा आपला नवरा आणि मुलं बुडून मेली. कागद सांगतात की नवरा १८८४ मध्ये आजाराने गेला. बोट बुडाल्याची गोष्ट ऐकून चार पैसे हातावर पडत असतील. उपाशी माणसाने स्वतःला दिलेला तो खोटा इतिहास होता, आणि वंशावळ काढणाऱ्याने तोही नोंदवून ठेवावा. ती कशी जगली हे त्यातून कळतं.

जिचं नाव अजून सापडलं नाही

पाचवी बाई मात्र वंशावळीला दाद देत नाही. ९ नोव्हेंबर १८८८ च्या सकाळी मिलर्स कोर्टमधल्या १३ नंबरच्या खोलीत तिचा छिन्नविच्छिन्न देह सापडला. मेरी जेन केली, वय सुमारे २५. तिच्याबद्दल जे काही माहीत आहे ते बहुतेक सगळं एका माणसाने सांगितलेलं, तिच्याबरोबर राहिलेला जोसेफ बार्नेट. आणि त्याने सांगितलं ते तिने त्याला सांगितलेलं. जन्म आयर्लंडमध्ये लिमरिकला, लहानपणीच वेल्समध्ये आली, बाप जॉन केली लोखंडाच्या कारखान्यात, सहा-सात भाऊ, एक बहीण, एक भाऊ स्कॉट्स गार्ड्स पलटणीत. सोळाव्या वर्षी डेव्हिस नावाच्या खाणकामगाराशी लग्न, दोन-तीन वर्षांत तो खाणीतल्या स्फोटात मेला. मग कार्डिफ, मग लंडन, मध्ये थोडे दिवस फ्रान्स. तेव्हापासून ती स्वतःला मारी जानेत म्हणवू लागली.

एवढा तपशील म्हटल्यावर कोणताही वंशावळवाला बाह्या सरसावून बसेल. बसलेही. सगळ्या रजिस्टरांत जॉन केली ढिगाने आहेत. वेल्समध्ये डेव्हिस म्हणजे आपल्याकडच्या जाधव-पवारांसारखे, पावलोपावली. पण हे सगळे तपशील एकत्र जुळतील असं एकही कुटुंब कुणाला सापडलेलं नाही. आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्मांची सरकारी नोंदणी १८६४ मध्ये सुरू झाली आणि हिचा जन्म त्याच्या आसपासचा. त्या काळातल्या आयरिश जनगणनेचे तक्ते बहुतेक नष्ट झाले, काही सरकारनेच रद्दीत काढले. १९२२ मध्ये डब्लिनचा दप्तरखाना जळाला तेव्हा आणखी कितीतरी कागद गेले. शिवाय तिच्या मृत्यूची चौकशी एका दिवसात आटोपली. स्ट्राइडच्या चौकशीत जसे एकामागून एक साक्षीदार आले, चुकीची बहीण आली आणि खरं नाव गाळून निघालं, तसं इथे घडायला वेळच मिळाला नाही.

२०१५ मध्ये एका लेखकाने तिचं खरं नाव वेगळंच असल्याचा दावा केला. थडगं उकरून डीएनए तपासावा अशी चर्चा सुरू झाली. लेस्टर विद्यापीठाच्या ज्या चमूने वाहनतळाखाली सापडलेली हाडं राजा तिसरा रिचर्ड याचीच आहेत हे सिद्ध केलं होतं, त्यातल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये अहवाल दिला. तिचं थडगं नेमकं कुठे आहे हेच आता खात्रीने सांगता येत नाही. शोधायचं तर आजूबाजूची कितीतरी थडगी उकरावी लागतील. त्यांनी हात आवरता घ्यावा असाच कौल दिला.

रिचर्डच्या बाबतीत जमलं ते कशामुळे, हे समजून घेण्यासारखं आहे. डीएनएचा एक भाग फक्त आईकडून लेकराकडे जातो. रिचर्डच्या बहिणीच्या लेकी, त्यांच्या लेकी, अशी बायकांची साखळी आजपर्यंत आणता आली, म्हणून ताळा जमला. राजघराण्यातल्या लेकींची नावं लिहिली गेली होती. मेरी केलीच्या आईचं नावसुद्धा बार्नेटने सांगितलेलं नाही.

आपली दप्तरं

आता आपल्याकडे वळू. हैदराबाद संस्थानात पहिली जनगणना १८८१ ची. आकडे उरले, घरोघरचे तक्ते उरले नाहीत. हिंगोलीच्या कापडवाल्यासाठी ते असते तरी उपयोग नव्हता, तो त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षं मेला होता. त्याच्यासाठी आपल्याकडचीच दप्तरं उघडावी लागतील, आणि ती काही कमी नाहीत.

पहिली वही क्षेत्रोपाध्यायांची. पैठण, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथे माणूस अस्थी घेऊन किंवा यात्रेला गेला की उपाध्ये त्याच्या गावाची वही काढतात. आलेल्याचं नाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे, गाव, तिथी. पुढच्या पिढीतला माणूस येतो तेव्हा त्याच्या खाली नवी नोंद होते. अशा वहीत एक भाऊ एका नोंदीत असतो आणि पुढच्या नोंदीत त्याच्या अस्थी आल्याची खूण न सापडता तो गायब होतो, तिथे बोट ठेवायचं. मारवाडी घराण्यांचे वहीवंचे वेगळे, लिंगायतांचे हेळवी वेगळे. मुंबईहून कापड आणणारा माणूस यांपैकी कुठल्याही समाजाचा असू शकतो, म्हणून सगळी दारं ठोठावायला हवीत.

दुसरी खूण श्राद्धाची. परदेशी गेलेला माणूस परत आला नाही तर घरचे बारा वर्षं वाट पाहत आणि मग पळसाच्या पानांची प्रतिमा करून पालाशविधी उरकत. इंग्रजांनी १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १०८ व्या कलमात हीच मुदत सात वर्षांची केली. पितृपक्षातली चतुर्दशी शस्त्राने किंवा घाताने गेलेल्यांची असते. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या चतुर्दशीला एक पान वाढलं जातं आणि ते कुणासाठी हे कुणालाच सांगता येत नाही, त्या घरात एक खून झालेला असू शकतो, हे वंशावळवाल्याने ध्यानात ठेवावं. नाव कदाचित हरवलं असेल, तिथी टिकलेली असते.

तिसरं दप्तर चोपड्यांचं. मुंबईच्या अडत्याकडून माल उचलला, हुंडी लिहिली, आणि घेणारा वाटेतच नाहीसा झाला, तर खात्यावर बाकी राहते. व्यापारी माणसाचं मरण विसरेल, येणं विसरत नाही. त्या काळच्या खतावण्या कुणाच्या माळ्यावर असतील तर त्यांत अशी न मिटलेली बाकी शोधावी.

बैल हाकणाऱ्यांचं मात्र कठीण आहे. दख्खनमधली मालाची ने-आण पुष्कळशी लमाणांच्या तांड्यांकडून होई. त्यांची वंशावळ भाटांच्या तोंडी, गाण्यांत. कागद शोधणाऱ्यांनी तांड्यावर जाऊन ऐकायलाही शिकलं पाहिजे.

आणि बायका? मराठवाड्यातले जुने कागद ज्यांनी चाळले आहेत त्यांना ठाऊक आहे. सखूबाई भ्रतार तुकाराम. राधाबाई बेवा गणपत. नवरा असेपर्यंत भ्रतार, गेला की बेवा. बाप कोण, माहेर कुठलं, याला रकानाच नाही. कोतवाल बुकातल्या अनेक जन्मनोंदींत तर बापाचं नाव, जात आणि पुढे नुसतं मुलगी. अशी बाई परगावी मारली गेली तर तिचा माग काढणारा दोनच पावलांत थांबतो. मेरी केलीच्या मृत्यूच्या दाखल्यावरही ‘ऊर्फ डेव्हिस’ असा नवऱ्याचा शेपटा लावलेला आहे. डीएनए ज्या वाटेने सगळ्यांत भरवशाने मागे जातो, ती आईची वाट, नेमकी तीच आपल्या वंशावळीत खोडलेली आहे.

गंगाखेडची जनाबाई सुमारे सातशे वर्षांनंतरही आपल्यापर्यंत नावानिशी पोहोचली, ती कुणी तिची वंशावळ जपली म्हणून नव्हे. परक्या घरची दासी होती. तिने प्रत्येक अभंगाच्या शेवटी आपली सही केली म्हणून पोहोचली. मारी जानेत हे नावही त्या लंडनच्या बाईने स्वतः निवडलेलं होतं, आणि तिच्या शवपेटीवरच्या पट्टीवर तेच कोरलं गेलं. खरं नाव सापडेपर्यंत माणसाने स्वतः सांगितलेलं नाव आपण मानलं पाहिजे.

काय करायचं

शोध घेणाऱ्यांना एकच ताकीद. माल्कमबाईंची गोष्ट विसरू नका. त्या खोटं बोलत होत्या असं नाही, त्यांना खात्री होती. आपल्याकडेही हिंगोलीच्या व्यापाऱ्याची गोष्ट ऐकून उद्या चार घराणी म्हणतील, तो आमचाच. वही, तिथी आणि खातं या तिन्ही ठिकाणी मेळ बसला नाही तर ती जागा कोरी ठेवा. चुकीचं नाव एकदा लागलं की खऱ्या माणसाला कुणी शोधत नाही.

दुसरं काम आजचं आहे. गंगाखेडला गोदावरीच्या पात्रात, पूर्णा जंक्शनच्या रुळांवर, बसस्थानकाच्या कोपऱ्यात आजही प्रेतं सापडतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमाखाली पंचनामा होतो आणि वर लिहिलं जातं, अनोळखी इसम. त्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही करण्याची वेळ तुमच्यापैकी कुणावर येईल. तेव्हा घाई करू नका. गोंदण काय आहे, कोणत्या हातावर आहे, लुगड्याचा काठ कसा, खिशात पावती कुठल्या गावची, शिंप्याची चिठ्ठी आहे का, हे सगळं लिहून घ्यायला लावा. परकरावरच्या एका शिक्क्यावरून मेरी ॲन निकोल्सला नवरा, बाप आणि माहेर परत मिळालं. शंभर वर्षांनी कुणी शोधायला बसला तर त्याची पहिली वही तुमचा पंचनामा असणार आहे.

तिसरं, इथल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना विनंती. टेलरने वर्णन केलेला तो ओढा, तो रस्ता, जुन्या छावणीच्या नकाशावर बसवून पाहा. आणि ज्यांच्या घरी १८४० च्या आधीच्या चोपड्या आहेत त्यांनी त्या वाळवीच्या तावडीतून काढून मोडी जाणणाऱ्यासमोर ठेवा. कुणबी नोंदींसाठी आपण हे कसब शिकलो. आता ते ज्याला कोणताच दाखला नको आहे अशा एका माणसासाठी वापरू.